दहा आकडे होईपर्यंत थांब

आमच्या करडी गावातल्या घरात मोबाइलला रेंज येत नाही. विहिरीच्या कठड्याजवळ जाऊन उभं राहिलं तर येते. त्यातून बाबांची बोटं धानाच्या कामाने इतकी राठ झाली आहेत की टचच्या फोनला ती कळतच नाहीत. काचेवर दोन-तीनदा बोट घासतात आणि फोन माझ्या हातात देतात. आईचंही तेच. म्हणून घरी इंटरनेट आलं तेव्हा बाबांनी पहिलं हेच विचारलं, की यावर आपला जुना बटणांचा फोन चालेल का.

इंटरनेट जोडायला आलेल्या माणसाने एक छोटा डबा दिला, अडॅप्टर. जुन्या फोनची वायर त्यात घातली की कॉल इंटरनेटवरून जातो. "डायलिंगचे नियम सेटिंगमध्ये टाकून घ्या," म्हणाला आणि गेला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी बी.ए.ला आहे, माझा विषय इतिहास आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. तरी डबा हातात घेतला.

कारण ताईचे दिवस भरत आले होते. दुसरं बाळंतपण, म्हणून ती सासरीच होती, कोंढ्याला. बाबांना रोज संध्याकाळी तिची खबर हवी असायची. दिवाळीची सुट्टी संपून मी भंडाऱ्याला होस्टेलवर गेले की घरात फोन लावून देणारं कोणी उरणार नव्हतं.

लॅपटॉप मैत्रिणीचा होता. सेटिंगच्या पानावर नियमांची एक लांबच लांब ओळ होती, सगळी एक्स आणि टिंबांची. एक्स म्हणजे कुठलाही आकडा, टिंब म्हणजे पुढे आणखी कितीही आकडे, एवढं कळायला मला दुपार लागली. काही बिघडेल या भीतीने आधी ती ओळ जशीच्या तशी उतरवून ठेवली. मग लँडलाइनवरून मोबाइलला लावताना जे शून्य आधी लावावं लागतं, ते डब्याने आपणच लावावं असा नियम लिहिला. मी ताईला फोन लावला. लागला!

बाबांनी लावला, तर एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली आणि फोन बंद.

पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई.

"आपल्याले नाई जमत बापा हे," बाबा म्हणाले.

"येवढ्या येळात तं मी कोंढ्याले पायी जाऊन आली असती," आई चुलीपासून म्हणाली.

मी सोपा मार्ग काढला. "बाबा, नुसतं एक दाबलं की ताईला लागेल, असं करून देते."

"काहून? मले तिचा नंबर येते ना."

"सोपं होईल म्हणून."

"सोपं तुले होईल. मी फोन लावला असं तं वाटलं पायजे."

बाबांना साऱ्या नातेवाइकांचे नंबर पाठ आहेत. मी जवळ बसले आणि म्हटलं, आता सावकाश लावा, मी फक्त बघते. ते तोंडाने जोडीजोडीने आकडे म्हणत होते. "अठ्ठ्याण्णव..." दोन बटणं दाबली. मग आढ्याकडे पाहिलं. "साठ..." पुन्हा दोन. पुढची जोडी आठवेपर्यंत बोट हवेत. आमच्याकडे सगळे मोठे लोक असाच नंबर लावतात. डब्याला मात्र वाटत होतं, माणसाचं लावून झालं, आणि अर्धाच नंबर पुढे जात होता.

दोन आकड्यांच्या मधे किती वेळ थांबायचं, तेही त्याच पानावर होतं. मी तो वेळ चांगला वाढवला. आता दहा आकडे पूर्ण झाले, पण त्यानंतरही डबा गप्पच. बाबांनी "मेला" म्हणून रिसीव्हर ठेवून दिला. मी ओळ परत वाचली. माझ्या नियमाच्या शेवटी टिंब राहिलं होतं, त्यामुळे डबा अकराव्या आकड्याची वाट बघत होता. टिंब काढलं. दहा होईपर्यंत थांब, दहा झाले की लगेच लाव.

"आता लावा."

अठ्ठ्याण्णव, आढं, साठ, आढं. शेवटची जोडी दाबल्याबरोबर रिंग गेली. ताई बोलली तेव्हा बाबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. जेवणाखाण्याचं विचारून झाल्यावर म्हणाले, "तुया बहिणीनं मशीनले थांबाले शिकवलं." शेजारचे काका आले तेव्हाही त्यांना तेच सांगितलं. मी आत लॅपटॉप बंद करत बसले होते, जरा जास्तच वेळ.

होस्टेलवर परतल्यावर एका सकाळी वर्गात जाताना घरच्या नंबरवरून फोन आला.

"हॅलो, मी बोलून राहिलो. ताईले पोरगी झाली. दोघीबी बऱ्या आहेत."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगतलं कोन? मीच लावला कोंढ्याले. जावई बोलले."

मागून आई ओरडली, "दोनदा लावला म्हना!"

"एकदाच," बाबा म्हणाले. "ठेव आता, तुया आत्याले लावाचं आहे." आणि त्यांनीच फोन ठेवला.

मी जिन्यातच उभी राहिले. काय झालं, मैत्रिणीने विचारलं. आधी भाचीचं सांगितलं, मग टिंबाचं. तिला टिंबाचं काही कळलं नाही. तरी मी सगळं सांगितलं.