स्लायगोचं भूत

शेपूचा वास आला की मला सिटीवेस्टमधला एक भिकार थापाड्या आठवतो. थापा मीही मारतो, पण अभ्यास करून. ह्या गृहस्थाचे सासरे मालवणहून पहिल्यांदाच इथे परदेशात आले होते. जावयाला त्यांच्यावर छाप पाडायची होती, म्हणून आम्हा नवरा-बायकोला साक्षीदार म्हणून जेवायला बोलावलं. टेबलावर होडीएवढा साल्मन मासा आणि त्यावर शेपूचं रान. जावई म्हणाला, "ही सॉकआय साल्मनची मादी! गेल्या वर्षी स्लायगोच्या नदीत अंडी घालून माझ्या हातून निसटली होती. यंदा परत आली. लाल अंग, हिरवं डोकं, लगेच ओळखली मी!" इतकी आळशी थाप ऐकून मी हातातला घास खाली ठेवला. "अरे, इथल्या नद्यांत येतो तो अटलांटिक साल्मन," मी म्हटलं. "तो अंडी घालूनही कधीकधी जगतो, समुद्रात परत जातो. सॉकआय पॅसिफिकचा, आणि अंडी घातली की मरतोच. म्हणजे तू अर्धी पृथ्वी पोहून आलेलं भूत पकडलंस!" जावई त्या शेपूहून हिरवा पडला. सासऱ्यांनी शांतपणे काटा बाजूला काढला, बोटं चाटली आणि म्हणाले, "जावयबापू, मासो बरो आसा. फुडच्या खेपेक थाप मारूची झाली तर आधी ह्येंका इचारा." तो दीडशहाणा आता मला दुकानात पाहिलं की तांदळाच्या पोत्यांमागे दडतो. सासरे मात्र दर रविवारी मालवणहून फोन करतात, आणि मी त्यांना स्लायगोच्या नदीत गळाला लागलेल्या देवमाशाची अगदी खरी हकीकत सांगतो.