मामाजींचा पाचवा सेट

सगळ्या नागपुरात खोटेपणाची इतकी चीड असलेला, आणि तरीही एका धडधडीत खोट्या गोष्टीसाठी दर शनिवारी ताटकळत बसणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे मामेसासरे. आम्ही सगळे त्यांना मामाजी म्हणत असू. हुडकेश्वरला त्यांचं घर. एका शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाले होते, पण खरं म्हणजे ते जन्मभर व्हॉलीबॉलचे पंच होते आणि ती पंचगिरी त्यांच्या अंगातून कधी उतरलीच नाही. इतवारीत एकदा दोन ठेलेवाले गल्ली अडवून भांडत होते, तर मामाजींनी खिशातून पिवळं कार्ड काढून दोघांच्या नाकासमोर धरलं. भांडण मिटलं, कारण दोघांनाही वाटलं की हा कुठल्या तरी खात्याचा साहेब असावा. माझ्या स्वतःच्या लग्नात, मंगलाष्टकं संपायच्या आत माझ्या हातातली माला अंतरपाटाला लागली आणि वधूपक्षाच्या पहिल्या रांगेतून आवाज आला, "नेट टच!" भटजी इतके गडबडले की त्यांनी शेवटचं कडवं पुन्हा म्हटलं. मामाजींच्या मते ते नियमाला धरूनच झालं.

असा हा माणूस जपानी मांगाच्या, म्हणजे तिकडच्या चित्रकथांच्या, नादी लागला, हे मला आजही नवल वाटतं. नात पुण्याहून सुटीत आली होती, ती जाताना जुना टॅब ठेवून गेली. त्यात व्हॉलीबॉलची एक चित्रकथा होती. समुद्रकाठच्या गावातल्या शाळेची मुलींची टीम, तिची उंच, किडकिडी कप्तान, आणि दर आठवड्याला एक नवं प्रकरण. मजकूर इंग्रजीत, म्हणून शनिवारी दुपारी मला बोलावणं यायचं. पहिल्या दिवशी मी आपल्या सवयीने डावीकडून वाचायला लागलो, तर सर्व्हिस व्हायच्या आधीच गुण मिळाला. मामाजींनी कपाळावर हात मारला. जपानी पान उजवीकडून वाचायचं असतं, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. दुसरा हुकूम असा की पुस्तकी मराठी चालणार नाही. "ते पोरगी मैदानावर तसं बोलंल का जी? नागपूरची हाये समजून सांगा." तेव्हापासून ती जपानी कप्तान आमच्याकडे "मले पास दे नं वं" असं म्हणू लागली. मामाजी तिला लंबी म्हणायचे.

वाचन सुरू झालं की त्यांची वही उघडायची. चुका लाल पेनने आणि बरोबर असेल ते निळ्याने. लाल पानं भराभर संपत. शिटी वाजल्यावर आठ सेकंदांत सर्व्हिस झाली पाहिजे, आणि इथे मुलगी हातात बॉल घेऊन आपल्या आजीची आठवण काढतेय, तीही सहा पानं. लंबी एकदा स्मॅशसाठी उडाली ती तीन आठवडे खालीच आली नाही. मामाजी मला दरवाजातच विचारायचे, "अजून वरच हाये का?" मी मान डोलावली की म्हणायचे, "बापा! तिचा पाय मोडंल आता." पण त्यांचा सगळ्यात मोठा आक्षेप वेगळाच होता. त्या चित्रांत पंचाला चेहरा नव्हता. एक शर्ट, एक हात आणि शिटी, एवढंच. "पंचाले तोंडच नाही काढलं पाहा," ते म्हणाले, आणि मग जरा वेळाने, "तसं हे बरोबरच हाये म्हणा. मले तरी कोणी पाह्यलं." ते त्यांनी निळ्या पेनने लिहिलं. निळ्या पेनने आणखीही बरंच असायचं. बोटांना बांधलेली पट्टी, घाम पडलेली फरशी पुसणारी मुलगी, राखीव खेळाडूंचे बाटलीवर आवळलेले हात. "ज्यानं हे काढलं नं, तो बेंचवर बसला हाये जिंदगीत," असं ते ठामपणे सांगायचे.

अंतिम सामना सुरू झाला आणि त्याच सुमारास मामाजींना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी काही महिन्यांची गोष्ट केली, तीही घुटमळत. मामाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येताना रिक्षात मला विचारलं, "तिसरा सेट चालू हाये. एका सेटले तो चितारी अडीच महिने लावते. हिशेब करा बरं." मी केला नाही. ज्या रेंगाळण्याला त्यांनी वह्याच्या वह्या भरून शिव्या दिल्या होत्या, ते आता आमच्या जिवावर उठलं होतं. मी कधी नव्हे ते देवाजवळ मागितलं, आणि मागितलं काय, तर एका जपानी माणसाने जरा भरभर चित्रं काढावीत. मामाजी वाळत गेले. वही आधी मामीजींच्या हातात गेली, ते सांगत आणि त्या लिहीत. मग लिहिणंही थांबलं. चौथा सेट संपला. पाचवा, शेवटचा, पंधरा गुणांचा सुरू झाला. आपल्या पोरी तेरा, समोरच्या चौदा, लंबी पुन्हा हवेत, आणि तिथे मालिका थांबली. चित्रकाराची प्रकृती बरी नसल्यामुळे काही आठवडे प्रकरण येणार नाही, अशी ओळ आली.

मला संताप आला. मामाजींना मात्र काळजी वाटली. "त्याले काय झालं म्हणते? जेवते का तो?" असं ते प्रत्येक शनिवारी विचारायचे. स्वतः दोन चमचे पेजही घेत नव्हते.

शेवटच्या शनिवारी दुपारी मी गेलो तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. मामीजी पायाशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ठरवलं. टॅब उघडला, जुनंच पान समोर धरलं आणि म्हणालो, "मामाजी, आलं बरं का नवीन." मग मी उजवीकडून डावीकडे बोट फिरवत सांगत सुटलो. लंबीने मारला, चौदा-चौदा. समोरच्यांनी उचललेला बॉल नेटवरून परत आला, आपल्या पोरीने पालथं पडून काढला, लंबी पुन्हा उडाली, पंधरा-चौदा, आणि जिंकल्या! सगळ्या गळ्यात पडून रडून राहिल्या, मामाजी!

मग त्यांनी डोळे उघडले. "किती?"

"पंधरा-चौदा."

"जावईबापू," ते अगदी हळू म्हणाले, "दोनचा फरक लागते. पंधरा-चौदावर मॅच नाही संपत."

मला कुठे तोंड लपवावं कळेना. जन्मभर पंच असलेल्या माणसाला मी खोटा निकाल देत होतो आणि तोही धड देता आला नव्हता. पण मामाजी रागावले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तरतरी आली. "म्हणजे चालू हाये अजून," ते म्हणाले. "सर्व्हिस कोणाची?"

मी विचार केला. गुण आपण घेतला होता. "आपली," मी म्हणालो.

"मंग ठीक."

सोमवारी सकाळी ते गेले.

चित्रकार बरा झाला. दीड महिन्याने प्रकरणं यायला लागली आणि मी ती घरी एकटाच, मोठ्याने, नागपुरीत वाचली. त्या पोरी हरल्या. सतरा-एकोणीस, नियमाप्रमाणे. परवा हुडकेश्वरला गेलो होतो. चहा पुढे ठेवता ठेवता मामीजींनी विचारलं, "काय झालं जी मंग त्या लंबीचं?"

मी म्हणालो, "चालू आहे, मामीजी."