ध्रुवावरची गौर

हिच्या मामांइतका दगडांवर जीव लावणारा माणूस त्या काळी अख्ख्या अमेरिकेत दुसरा नसेल. ऐंशीच्या दशकात ते ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीत भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि दर थंडीत मामींचा रोष पत्करून अंटार्क्टिकाला पळायचे. पिकनिकला आम्ही बार्बेक्यूभोवती जमलो की मामा वाटेवरचा खडा उचलून चक्क चाटायचे. ओल्या दगडाचे कण नीट दिसतात म्हणे! मामी म्हणायच्या, "घरी भाजीत मीठ कमी पडलं तर नाक मुरडतील, आणि इथे बघा!" नवा माणूस भेटला की मामा दुसऱ्या मिनिटाला बर्फावर घसरत. "अहो, डोंगराच्या माथ्यावर परका दगड सापडला, की समजायचं, तो बर्फानं आणून टाकलाय. म्हणजे एके काळी बर्फ माथ्याच्याही वर होता!"

असा एकच परका दगड, गुलाबी, एका शिखरावर त्यांना मिळाला होता. त्यांचं सगळं म्हणणं त्या एका दगडावर उभं होतं.

मामींकडे खड्यांच्या गौरी. त्या वर्षी त्यांचा पाय मुरगळला, म्हणून नदीवरून पाच खडे आणून सिंकपाशी ठेवायचं काम मामांकडे आलं. मामा अर्थातच विसरले. पण सिंकपाशी त्यांनीच धुऊन वाळत घातलेले पाच दगड होते. मामींनी घंटा वाजवत तेच आणून बसवले! संध्याकाळी मामा बघतात तर गुलाबी दगड हळदीकुंकू लावून फुलांत बसलेला.

"अगं, हे माझं रिसर्च आहे!"

"होतं. आता माहेरवाशीण आहे. हात लावायचा नाही."

मामा देव मानत नसत, पण मामींना मानत. विसर्जनाच्या दिवशी मामींनी ह्युरॉन नदीत गौरी सोडल्या, तर चार हात पुढे मामा पँट दुमडून पुरणाची चाळण धरून उभे! चार दगड सापडले, गुलाबी तेवढा निसटला. त्या नदीत गुलाबी दगडांना काय तोटा? एकेक उचलून मामा चाटत आणि टाकून देत. "कॅनडाचा. बर्फानंच आणलाय. हाही कॅनडाचाच." हसून हसून आमची मुरकुंडी वळली. मग मात्र त्यांचा चेहरा दिसला.

मामी दुखऱ्या पायानं, पैठणीसकट पाण्यात उतरल्या. बराच वेळ दोघं चाचपत राहिली. शेवटी मामी म्हणाल्या, "यंदा जा तुम्ही. मी काही बोलणार नाही. आणि येताना दोन आणा, एक माझ्या गौरींना."

त्याच महिन्यात मामांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी ध्रुवाचं नाव काढायलाही मनाई केली. मामा मात्र पुढे कितीतरी दिवस येईल त्याला कौतुकानं सांगायचे, "हिनं या वेळी स्वतःहून जा म्हटलं होतं."