बिरूच्या आईचं पाणी

त्या दिवशी उजाडायच्या आत पाटणहून लॉरी काढली, आणि पहिल्यांदाच शेजारची सीट रिकामी होती. रिकामी म्हणजे... तिच्यावर बिरूची पत्र्याची ट्रंक होती.

मी आता शंभरीला टेकलोय. नात टाइप करतेय, मी सांगतोय. ही गोष्ट दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली, तेव्हा मी विशीचा असेन. मिशी नुकती फुटली होती आणि अक्कल फुटायची होती.

बिरू आणि मी एकाच मालकाच्या लॉरीवर होतो. डोंगरातला लाकडी कोळसा भरायचा आणि सांगलीला उतरवायचा. बिरू माणदेशातला, दहिवडीच्या पुढचा, विधवा आईचा एकुलता एक. स्वभावाने लय गमत्या. कोयनेच्या खोऱ्यातल्या हिवतापाने त्याला धरलं आणि आठव्या दिवशी तो गेला. घरून कुणाला आणायचं तर जाऊन-येऊन दोन दिवस, त्यामुळे नदीकाठी अग्नीसुद्धा मीच दिला.

त्याच्या गावात पोस्ट नव्हतं, तार कुठे करणार? मालक म्हणाले, "तूच जा. ट्रंक दे आन् सांगून ये." जणू काही गूळ पोचवायचा होता.

तेव्हा पेट्रोल रेशनवर, म्हणून लॉरी कोळशाच्या गॅसवर चालायची. पाठीमागे लोखंडी भट्टी, तिच्यात सारखा कोळसा घालायचा. जरा चढ आला की गाडी दम टाकायची. मला त्या दिवशी ते बरंच वाटत होतं, कारण पोचायचंच नव्हतं.

कऱ्हाडला सांगलीचा रस्ता सोडून डावीकडे वळलो. ऊस मागे पडला, मग झाडं मागे पडली. वडूजच्या पुढे नुसता माळ... कुठे एखादं खिल्लार, कुठे कोरडा ओढा. मी मोठ्याने बोलून बघत होतो. "मावशी, बिरू गेला." दर वेळी 'मावशी'लाच अडखळायचो. नेहमी बिरू शेजारी बडबडायचा, मी त्याला गप बस म्हणायचो. आता तो रस्ता संपता संपेना.

आमच्याकडे मयताचा सांगावा घेऊन जाणारा माणूस त्या घरचं पाणी पीत नाही. दाराबाहेर उभा राहतो, पाणी नको म्हणतो. तेवढ्यावरच घरातल्यांना निम्मं कळतं. मीही तसंच करायचं ठरवलं होतं. आधी भावकीतला कुणी म्हातारा गाठायचा, मग घरी जायचं.

पण लॉरीचा आवाज ऐकून बिरूची आई स्वतःच वाटेवर आली होती; मागे एकदा बिरूबरोबर येऊन गेलो होतो, त्यामुळे ती मला ओळखत होती. लेक दिसला नाही तशी तिची मान जरा कलली. काही न विचारता ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि माझ्या हातांकडे बघत राहिली.

तिला काय बघायचं होतं ते मला पक्कं कळलं होतं. तोंडाला कोरड पडली होती हे खरं, पण तहान हे निमित्त. मी भ्यालो... तांब्या घेतला आणि घटाघटा सगळा प्यालो.

तिचा चेहरा असा काही उजळला, की आजही तो आठवला की मला घास जात नाही. ती वळली आणि शेजारणीला हाक मारून म्हणाली, "आवं, बिरूचा जोडीदार आलाय. खुशाल हाय पोरगं माजं." मग मला म्हणाली, "बस रं लेकरा. भाकरी टाकते." आणि चुलीपाशी बसून पीठ मळायला लागली. बिरूला कवा सुट्टी मिळंल, सुगीला आला तर पोरगी बघून ठेवलीय, असं सगळं सांगत होती.

दोन भाकऱ्या झाल्या. तिसरी तिने हातावर घेतली तेव्हा मी म्हणालो, "मावशी, बिरू न्हाई आता. तापानं गेला."

तिने ती कच्ची भाकरी हळूच परातीत ठेवली.  मला वाटलं आता हंबरडा फोडेल. पण ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मग पानी का पिलास रं?"

 तोवर शेजारच्या दोघी-तिघी बिरूची खुशाली विचारायला दारात आल्या होत्या. त्यांना खरं काय ते तिलाच सांगावं लागलं... माझ्यादेखत, तिच्याच तोंडाने.

काही जण मला समजावतात, की घटकाभर तरी माउली सुखात होती ना. मला नाही तसं वाटत. पुढे आयुष्यात बऱ्याच घरी वाईट बातमी घेऊन जायची वेळ आली. वाट कितीही उन्हाची असो, मी दारातच उभा राहतो आणि पाणी नको म्हणतो.