नो मे गुस्ता म्हणवत नाही

किस्से शोधायला मला कुठं जावं लागत नाही. संध्याकाळी औरंगपुऱ्यात माझा स्पॅनिशचा क्लास भरला, की ते आपणहून चपला काढून आत येतात. शिकणारे कोण, तर वेरूळचे गाईड, टुरिस्ट गाड्यांचे ड्रायव्हर आणि कंपनीत ट्रान्सलेटर होऊ पाहणाऱ्या मुली.

*

'मे गुस्ता', म्हणजे मला आवडतं, हे सगळ्यांना चटकन जमलं. गाडी अडली ती 'नो मे गुस्ता', म्हणजे आवडत नाही, इथं. खुलताबादच्या फारूकभाईंना म्हटलं, न आवडणारा एक पदार्थ सांगा. भाई गाईड, एरवी बोलायला कुणाला ऐकत नाहीत. त्यांनी कानांना हात लावला.

"मॅडम, खानेकू नाम नै रखते. गुनाह लगता."

शेजारी लासूर स्टेशनचे शिंदेकाका, पेशानं ड्रायव्हर. त्यांनीही मान डोलावली. "व्हय, अन्नाला नावं ठेवू नाय."

दोन धर्म एक झाले आणि माझा धडा बुडाला!

*

म्हटलं, खाणं राहू द्या, माणूस सांगा. काकांनी बराच विचार केला. "साडू," म्हणाले. लगेच घाबरून, "पण मानूस चांगलाय हां. फळ्यावर लिहू नका."

मी लिहिलं नाही.

*

एकदा स्पेनच्या पाहुण्यांनी फारूकभाईंना ऑलिव्ह खायला दिले. भाईंना ते साबणासारखे लागले, तरी तोंडभरून 'मे गुस्ता' म्हणाले. पाहुण्यांनी खूश होऊन अख्खी बाटलीच हातात ठेवली.

"अहो, खरं सांगायचं ना!"

"मेहमान हैं ना वो. मुँहपे कैसा बोलना?"

बाटली त्यांनी क्लासमध्ये आणली. एकेकानं ऑलिव्ह तोंडात टाकला, डोळे मिटले आणि 'मे गुस्ता' म्हटलं. उरलेली बाटली माझ्या फ्रीजमध्ये आहे. कुणाला हवी असेल तर न्या.

*

वैशाली वैजापूरची, इथं मावशीकडे राहते. क्लासमधली सगळ्यात हुशार. तिचं लग्न जमत आलं होतं आणि मुलगा तिला पसंत नव्हता. हे तिनं फक्त मला सांगितलेलं. "बाबांनी जवळजवळ शब्द दिलाय, मॅडम. आता कसं बोलू?" मला फार वाईट वाटलं, पण त्यांच्या घरात मी कोण बोलणार?

एका संध्याकाळी बाबा तिला न्यायला आले. तास संपायचा होता म्हणून मागच्या बाकावर फारूकभाईंशेजारी बसले. आमची 'नो मे गुस्ता'ची उजळणी चालली होती. पुढं कोण, असं मी विचारायच्या आत वैशाली उभी राहिली.

"नो मे गुस्ता नीलेश."

ओळखीचं नाव ऐकून बाबा सावरून बसले. फारूकभाईंना विचारलं, "आमच्या जावईबापूंचं काय म्हनली ती?"

भाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग वैशालीकडं. ती मान खाली घालून उभीच होती.

"पसंद नाय म्हनते, साहेब."

बाबांनी लेकीकडं पाहिलं. मग म्हणाले, "बस खाली, बाळा."

आणि माझ्याकडं वळले. "मॅडम, आता त्या लोकांना नाय कसं म्हनायचं, तेवढं मला शिकवा. मराठीत."