इंदूचं ऊन, वॉल्टरची सावली

शरदरावांचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, बाहेर गुडघाभर बर्फ. "शैलावहिनी, इंदू गेली," एवढंच ते म्हणाले, आणि मी पिठाचा हात झटकत सहज विचारून बसले, "कुठे? एवढ्या बर्फात?" मला खरंच वाटलं होतं की बाई निघाली असेल खतांच्या गोण्या बघायला, कुठल्यातरी नर्सरीत, अजून उघडलीही नसेल अशा. तिच्या बाबतीत तेच जास्त शक्य होतं. सकाळी चहा पिता पिता ती टेबलावर वाकली ती पुन्हा उठली नाही, अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं, हे मला नंतर नीट कळलं. वय चव्वेचाळीस. तिला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, "काय बाप्पा, निदान वसंत तर येऊ द्यायचा होता!"

याला आता तीन महिने होतील. मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या बाजूला नोव्हाय नावाचं गाव आहे, तिथे आम्ही दोघी एकमेकींपासून तीन रस्ते सोडून राहत होतो. दोघींचे नवरे, तिचे शरदराव आणि माझेही, मोटारींच्या धंद्यातले इंजिनियर. ती नागपूरची, मी सांगलीची. इंदूला फुलांचं वेड उपजतच असेल असं तिची बाग पाहिलेल्या कुणालाही वाटेल, पण तसं मुळीच नव्हतं. नागपूरला ती दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वाढली, आणि घरात झाड म्हणून एक तुळस, तीही उन्हाळ्यात दरवर्षी मरायची. आमची ओळख झाली ती तिच्या स्वयंपाकघरात, एक्याऐंशीच्या ऑक्टोबरात. नवीन घर घेतल्याबद्दल शरदरावांच्या ऑफिसातल्या कुणीतरी एक जाळीची पिशवी भेट दिली होती, ती तिने टोपलीत ओतून ठेवलेली. मी गेले तेव्हा त्यातला एक सोलून ती पोह्यांसाठी चिरत होती. "इथले कांदेही अगदी मवाळ गं," ती म्हणाली, "डोळ्यांत पाणीसुद्धा येऊन नाही राहिलं." मी टोपलीत पाहिलं आणि सुरी काढून घेतली. ते ट्यूलिपचे कंद होते. पोह्यांत पडले असते तर त्या दिवशी आम्ही दोघी हॉस्पिटलात भेटलो असतो.

उरलेले कंद आम्ही त्याच दुपारी पुढच्या अंगणात पुरले. वर कुठलं, खाली कुठलं, दोघींनाही ठाऊक नव्हतं. अर्धे खारींनी उकरून नेले. पण एप्रिलच्या अखेरीस, रस्त्याकडेला काळा पडलेला बर्फ अजून असताना, तिथे सात लाल ट्यूलिप उभे राहिले. इंदूने मला फोन करून बोलावलं आणि मी पोहोचल्यावर नुसती बोट दाखवत उभी राहिली. पाच महिने दगडासारखी गोठलेली जमीन, तिच्यातून हे आलं कसं, याचं तिला जे आश्चर्य वाटलं ते पुढे कधी ओसरलंच नाही. दर वसंतात ती तशीच बोट दाखवत उभी राहायची.

पण तिला हवे होते गुलाब, आणि तेही मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतील असे. अडचण अशी की मागे ऊनच नव्हतं. घराचं तोंड पूर्वेला, त्यामुळे सकाळभर मागे घराची सावली, आणि दुपार कलली की पश्चिमेच्या कुंपणापलीकडच्या अवाढव्य मेपलच्या झाडाची. इंदूने एक आख्खा दिवस आइसफ्रूटच्या काड्या घेऊन अंगणात फिरण्यात घालवला. दर तासाला सावलीच्या कडेला एक काडी रोवायची, काडीवर वेळ लिहायची. तिची निशा तेव्हा सात वर्षांची. शाळेची बस दाराशी थांबली तेव्हा आई घराच्या कडेला, रस्त्यावरून दिसेल अशी, गुडघ्यांवर रांगत काड्या रोवत होती. "आई, एव्हरीबडी इज लुकिंग!" निशा ओरडली. "बघू दे," आई म्हणाली, "त्यांनाही कळेल सूर्य कुठून येतो ते." हिशेब लागला तो असा, की मागच्या अंगणाला अकरा ते पाऊण एवढंच ऊन मिळतं. गुलाबाला सहा तास लागतात, असं लायब्ररीतलं पुस्तक सांगत होतं.

मेपल वॉल्टरचा होता. वॉल्टर म्हणजे मागच्या जुन्या लाकडी घरातला एकटा राहणारा म्हातारा, गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेला. आमची सगळी नवी वसाहत उभी होती ती त्याच्या वडिलांनी कधीकाळी विकलेल्या शेतावर, आणि या घरांवर आणि त्यांत राहायला आलेल्या माणसांवर त्याचा राग होता. तो लपवायची त्याला गरज वाटत नसे. इंदू मला सोबतीला घेऊन त्याच्याकडे गेली आणि एक फांदी, फक्त एकच, कापाल का, असं विचारलं. तो दारातूनच म्हणाला, "बाईसाहेब, तुम्ही यायच्या आधीपासून हे झाड इथे आहे." इंदू म्हणाली, "आणि झाड यायच्या आधीपासून सूर्य आहे." मला वाटलं आता हा दार आपटणार. त्याने आपटलंच. पण दार बंद होता होता तो हसलेला मी पाहिला, हे मी शपथेवर सांगते. इंदूचा त्यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

गुलाब पुढच्या अंगणात गेले, पूर्वेच्या उन्हात, त्यांच्या शेजारी झेंडू आणि झिनिया. मागची बाजू वर्षभर तशीच राहिली. मग एका मे महिन्यात नर्सरीत ती अचानक थांबली आणि माझा दंड धरून म्हणाली, "शैले, हा तेरडा आहे!" खरंच तेरडाच होता, जरा ठेंगणा, गोऱ्या मंडळींत वाढलेला. पाटीवर लिहिलं होतं, सावलीसाठी. त्या दिवसापासून ती सावलीच्या नादी लागली. होस्टा आणले, रुंद पानांचे, हुबेहूब अळूसारखे दिसणारे. त्यांचं फदफदं करता येईल का, असा विचार तिच्या मनात येऊन गेल्याचं तिने कबूल केलं होतं. गुलाबी पिसांसारख्या तुऱ्यांची अस्टिल्बी आली. दांडीला ओळीने बदामाच्या आकाराची फुलं लटकतात, तेही एक झाड आलं. आणि कडेने सगळीकडे तेरडा. आपल्याकडे तेरड्याचा रंग तीन दिवस, इंदूचा तेरडा जूनला रंगायचा तो ऑक्टोबरच्या पहिल्या गोठवणाऱ्या रात्रीपर्यंत. ऑगस्टच्या उकाड्यात पुढचे गुलाब माना टाकायचे तेव्हा आम्ही मागे जाऊन बसायचो. तिथे हिरवा गारवा असायचा, आणि इंदू बसल्या जागेवरून, चहाचा कप हातात, झाडांना रागवायची. "काय रे, तू काहून वाळून राहिला? बाकीचे बघ कसे आहेत!"

कुंपणापलीकडून वॉल्टर हे सगळं पाहत होता. तो कधी बोलला नाही, पण एका सकाळी कुंपणाच्या अलीकडे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले नेच्याचे तीन गड्डे सापडले. त्याच्या मागच्या झाडीतले. इंदूने ते लावले आणि संध्याकाळी त्याच्या पायरीवर डबाभर चकल्या ठेवून आली. आठवड्याने डबा परत आला तो धुतलेला, रिकामा, आणि त्यात एक चिठ्ठी, त्या तिखट चाकांचं नाव काय? दोस्ती अशी सुरू झाली. त्याला 'इंदू' म्हणता येईना, तो 'इंडू' म्हणायचा, आणि ती त्याला सरळ 'अहो वॉल्टर' म्हणायची. त्याला ते त्याचं पूर्ण नाव वाटायचं की काय कोण जाणे.

मग शहाऐंशीच्या जुलैत वादळ झालं. दुपारी चारला आकाश हिरवं पडलं, वीस मिनिटं वारा, आणि तो मेपल मधोमध फाटून अर्धा वॉल्टरच्या अंगणात आणि अर्धा कुंपण मोडून इंदूच्या बागेत पडला. घरांना काही झालं नाही, माणसांना काही झालं नाही. मी धावत गेले तेव्हा इंदू मागच्या दाराच्या पायरीवर उभी होती. पाच वर्षं जे मागत होती ते ऊन समोर लख्ख पसरलं होतं, कुंपणापासून खिडकीपर्यंत, आणि ती रडत होती. "आता माझे होस्टा जळतील गं," ती म्हणाली.

आणि ते जळायला लागलेच. दोन दिवसांत पानांच्या कडा कागदासारख्या झाल्या. तिसऱ्या दिवशी इंदूने माळ्यावरून ट्रंक काढली. लग्नानंतर नागपूरहून आणलेल्या सुती साड्या तिच्यात तशाच पडल्या होत्या. इथे जीन्समध्ये वावरणाऱ्या बाईला त्यांचा काय उपयोग? तिने खांब रोवले, दोऱ्या ताणल्या आणि सगळ्या बागेवर साड्यांचा मांडव घातला. हिरवी, जांभळी, लाल काठांची, आणि तिच्या आईची एक गुलबक्षी. दोन घरांमधल्या फटीतून तो दिसला की रस्त्यावरून जाणारे गाड्या थांबवून विचारायचे, लग्न आहे का? शरदराव शांतपणे सांगायचे, "नाही, झाडांना ऊन लागतंय." निशा बारा वर्षांची झाली होती. ती तो आठवडाभर मैत्रिणींना घरी येऊ देत नव्हती.

वॉल्टर करवत घेऊन आठ दिवस ओंडके कापत होता. नवव्या दिवशी तो मोडक्या कुंपणातून आत आला आणि मांडवाखाली खुर्चीवर बसला. मीही तिथेच होते. हे झाड त्याच्या बापाने लावलं होतं, त्याने सांगितलं, आणि फांदी कापायला सांगणारी ही पहिली बाई नव्हती, त्याची बायकोही सांगायची. इंदू म्हणाली, "मग आता दुसरं लावा." तो म्हणाला, "मी एकाहत्तर वर्षांचा आहे, इंडू. त्याची सावली पडायला पंधरा वर्षं लागतील. कोण बसणार तिच्यात?"

"तुम्ही फक्त लावा," इंदू म्हणाली. "बसायचं काम मी करते."

ऑक्टोबरात दोघांनी मिळून नवा मेपल लावला. या वेळी सावकाश वाढणारा, वाऱ्यात न फाटणारा. खड्डा केवढा खणायचा यावरून दोघं तासभर भांडले. तोवर होस्टा घराच्या उत्तरेकडच्या भिंतीलगत हलले होते आणि उरलेल्या उन्हात तिने गुलाब आणले होते, खिडकीतून दिसतील असे. ते तिला कसे वाटतात असं मी विचारलं, तर म्हणाली, "छान आहेत. पण त्यांच्याजवळ बसवत नाही गं, ऊन लागतं."

फेब्रुवारीत तिचे अंत्यसंस्कार झाले त्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडत होता. आम्ही पोहोचलो तेव्हा शरदरावांच्या घरासमोरची वाट, गॅरेजपासून रस्त्यापर्यंत, झाडलोट केल्यासारखी स्वच्छ होती. वॉल्टरने एकट्याने, त्याच्या त्या दुखऱ्या पाठीने, फावड्याने काढलेला बर्फ. तो जुना काळा सूट घालून आला होता. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बसायचं काम ती करणार होती." मी त्याचा हात धरून उभी राहिले, आणि मग तोच म्हणाला, "ठीक आहे. मी बसेन. जमेल तितकं."

तिची एक सवय सांगायची राहिली. आमच्याकडे मे महिन्यात ऊन पडायला लागतं, माणसं फसतात, रोपं बाहेर लावून मोकळी होतात, आणि मग एखाद्या रात्री पारा अचानक उतरतो आणि सकाळी सगळं काळं पडलेलं असतं. इंदू संध्याकाळच्या बातम्यांतलं हवामान कधी चुकवत नसे. थंडीचा, म्हणजे फ्रॉस्टचा, इशारा असला की ती फोन घेऊन बसायची आणि बाग असलेल्या आम्हा नऊ-दहा मराठी बायकांना एकेक करून कळवायची. "हॅलो"सुद्धा नाही. "झाकून घे," म्हणायची, आणि फोन ठेवायची. कधी कधी आमचे नवरे फोन घेत आणि भांबावत. पण तिच्यामुळे आमच्यापैकी कुणाचं एक रोप मेमध्ये गेलं नाही.

यंदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात छान ऊन पडलं आणि मीही फसले. तेरड्याची तीस रोपं लावून बसले. मन लागत नव्हतं, टीव्ही लावलाच नव्हता. संध्याकाळी सहाच्या सुमाराला फोन वाजला. पलीकडे निशा होती. आता चौदा वर्षांची, आईने मराठीत काही विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी, आईच्या काड्यांनी आणि साड्यांनी लाजेने अर्धी होणारी निशा. हातात कागद असावा, कारण ती वाचल्यासारखं बोलत होती.

"शैलामावशी? आज फ्रॉस्ट येऊन राहिला. झाकून घे."

तो नागपुरी सूर तंतोतंत इंदूचा होता. निशाला मराठी जी काही येते ती एकाच माणसाकडून आली, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. मी विचारलं, "बाळा, तुला हे कुणी करायला सांगितलं?"

"नोबडी," ती म्हणाली. "आईची लिस्ट फ्रिजवर आहे. मावशी, मला ठेवायला पाहिजे, अजून सात फोन करायचे आहेत. आणि वॉल्टर. त्याला दोनदा सांगावं लागतं."

फोन ठेवला, कपाटातून होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी काढल्या, आणि उजेड होता तोवर बाहेर जाऊन सगळी रोपं झाकून घेतली.