साडी आणि संमतीपत्र

त्या वर्षी पावसाने दडी मारली. सोयाबीन गुडघ्याच्या वर गेलंच नाही आणि जे निघालं त्याला बाजारात भाव नव्हता. सरकारने सोयाबीनवाल्यांना हेक्टरी अनुदान जाहीर केलं, तेव्हा आमच्या उदगीरकडच्या गावात उदगीर वेगळा जिल्हा होणार या गप्पासुद्धा दोन दिवस थांबल्या. जो तो कागद गोळा करू लागला.

आमच्या कागदात अडचण निघाली. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर दोन नावं लागली होती, आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि आत्याचं. कृषी सहायकांनी सांगितलं, सामाईक जमीन असली की पैसे एकाच्याच खात्यात येतात. दुसऱ्याने संमतीपत्रावर सही द्यायची. मुदतीला चार दिवस उरले होते. मी लातूरला आत्याकडे राहून पदवी घेतलेली, म्हणून सही आणायला मलाच पाठवलं. पंचमीला आत्याला माहेरी आणणं जमलं नव्हतं, त्यामुळे निघताना आईने पिशवीत एक साडी टाकली.

आत्याचं घर डाळमिलच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. त्यातली एक तिने तीन वर्षं माझ्या अभ्यासाला दिली होती. मी साडी दिली, पाणी प्यालो आणि कागद पुढे केला. आत्याचा चेहराच उतरला.

"साडी बी हाय, कागद बी हाय," ती म्हणाली. "तुझ्या बापाला सोता यायची लाज वाटली व्हय?"

"आत्या, नुसती सही पाहिजे."

"हाव. तवाबी नुसती सहीच पायजे होती."

मग तिच्याच तोंडून मला कळलं. मी शाळेत असताना आबा असेच साडी घेऊन आले होते, सोबत हक्कसोडीचा कागद. बहिणीने साडीचोळी घ्यायची आणि जमिनीवरचा हक्क सोडायचा, ही आमच्याकडची रीत. आत्याने साडी घेतली, सही केली नाही. तरीही माझी बारावी झाल्यावर 'पोराला माझ्याकडं ठेव' असं तिनेच आबांना सांगितलं होतं. तीन वर्षं तिच्या हातचं जेवलो, पण यातला एक शब्द तिने मला कळू दिला नाही.

मी संमतीपत्र ओळ न् ओळ वाचून दाखवलं.

"तू शिकलेला. वाचतोस तसंच असंल," ती म्हणाली. "पर माझी सही एकदा गेली की गेली."

मला आग्रह करवेना. आबांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि तिच्यासमोरच सगळं सांगितलं.

"पैसे कुणाच्या खात्यात, ती जागा कोरी हाय का?" आबांनी विचारलं.

"हाय."

"तिथं अक्काचं नाव लिव्ह. संमतीची सही मी देतो."

"येडा झालास का?" आत्या फोनवर ओरडली. "राबलास तू!"

"घे गप. न्हाईतर पुन्ना साडी घेऊन येतो बघ."

"तसली नको, बाबा. लई टोचत होती अंगाला," आत्या म्हणाली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

कागद वेळेत गेले. पैसे आले, फार नव्हते. अशा योजनांमागे राजकारण किती असतं, हे मलाही कळतं. तरी मी त्या अनुदानाचे मनापासून आभार मानतो. इतकी वर्षं सातबाऱ्यावर नुसतं लिहिलेलं आत्याचं नाव त्या एका अटीमुळे पहिल्यांदा तिच्या कामी आलं. आणि मी ज्या घरात शिकलो, त्या घराने माझ्यासाठी काय गिळलं होतं, हेही मला त्यामुळेच समजलं.

पुढच्या पेरणीच्या तोंडावर आत्याचा फोन आला.

"काय पेरायलेत रे यंदा आपल्या रानात?"

असं तिने यापूर्वी कधीच विचारलं नव्हतं. मी सोयाबीन म्हणालो.

"सगळं नको. मधी मधी तूर टाका म्हणावं."

मी निरोप दिला. दुसऱ्या दिवशी आबा उदगीरहून बियाणं घेऊन आले, त्यात तुरीची एक पिशवी होती.